हाताने शुभेच्छापत्र तयार करताना : शिक्के आधी, गोंद शेवटी

शिक्के आणि नक्षीचे कागद वापरून केलेली शुभेच्छापत्रे बिघडतात, ती बहुतेक वेळा हात सफाईदार नसल्यामुळे नव्हे, तर कामाचा क्रम चुकल्यामुळे. नक्षीचा कागद आवडला म्हणून तो लगेच कार्डावर चिकटवला जातो, त्यावर फूल येते, फुलाखाली फोमचे तुकडे लागतात आणि मजकुराचा शिक्का उमटवायची वेळ येते तेव्हा त्याला सपाट जागाच उरलेली नसते. तो शिक्का तिरका किंवा अर्धवट उमटला की खालचे सगळे काम त्याच्याबरोबर वाया जाते. म्हणून या लेखात एकच नियम शेवटपर्यंत पाळला आहे : जे काम बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी आणि सुट्या कागदावर करावे, चिकटवण्याचे काम शेवटी ठेवावे.

## पूर्वतयारी : कागद आणि शाई

मूळ कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) वजनाचा गुळगुळीत जाड कागद घ्यावा. याहून बराच पातळ कागद वरच्या थरांच्या भाराने पुढे झुकतो आणि कार्ड उभे राहत नाही. नक्षीचा कागद त्यापेक्षा पातळ असलेलाच बरा, कारण तो थर म्हणून चिकटवायचा असतो. मजकूर छापण्यासाठी मात्र वेगळा, साधा, गुळगुळीत, पांढरा किंवा फिक्या रंगाचा कागद बाजूला काढून ठेवावा. हातकागद देखणा असतो, पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर बारीक अक्षरे तुटक उमटतात. त्याचा उपयोग पार्श्वभूमीसाठी करावा.

अवजारांत धारदार पात्याचा कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, काटकोन तपासण्यासाठी गुण्या आणि घडीची रेघ पाडण्यासाठी बोन फोल्डर या नावाने मिळणारी बोथट पट्टी एवढे पुरते. बोन फोल्डर नसल्यास शाई संपलेले बॉलपेन ते काम चांगले करते.

सर्वांत जास्त गोंधळ शाईच्या निवडीत होतो, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. डाय शाई पातळ असते, कागदात मुरते आणि लवकर वाळते. बारीक अक्षरांसाठी आणि रोजच्या कामासाठी तीच सोयीची. पिगमेंट शाई दाट असते, कागदाच्या वर राहते आणि सावकाश वाळते. गडद कागदावर पांढरा किंवा फिका रंग उठून दिसायला हवा असेल किंवा ठशाला उठाव देणारी एम्बॉसिंग पावडर त्यावर वितळवायची असेल, तर ही शाई लागते. मात्र चकचकीत लेप असलेल्या कागदात तिला मुरायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशीही तिच्यावरून बोट फिरवले तर ती पुसली जाऊ शकते. अशा कागदासाठी, तसेच पारदर्शक प्लास्टिकसाठी सॉल्व्हंट शाई, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या द्रावकात केलेली शाई, वापरावी.

ठसा नंतर रंगवायचा असेल, तर शाईची निवड रंगावरून करावी. जलरंग भरायचे असतील तर पाण्याने न विरघळणारी शाई हवी. अल्कोहोल मार्कर वापरायचे असतील तर अल्कोहोलने न पसरणारी शाई हवी, आणि सॉल्व्हंट शाई येथे चालत नाही, कारण मार्करमधील द्रवामुळे तिच्या रेषा पसरतात. हे दोन गुण प्रत्येक शाईत एकत्र असतातच असे नाही.

तपासणी : ज्या कागदावर काम करायचे आहे त्याच कागदाच्या कपट्यावर ठसा उमटवून, तो वाळू देऊन, त्यावर ठरवलेला रंग एकदा फिरवून पाहावा. रेषा जशीच्या तशी राहिली तरच ती जोडी वापरावी. दुसऱ्या कागदावर घेतलेली चाचणी येथे उपयोगाची नाही.

## १. माप लिफाफ्यावरून ठरवावे

आधी कार्ड आणि मग त्याला साजेसा लिफाफा शोधणे हा उलटा क्रम झाला. सी-६ आकाराचा लिफाफा ११४ × १६२ मिलिमीटर असतो आणि त्यात १०५ × १४८ मिलिमीटरचे, म्हणजे ए-६ आकाराचे, कार्ड सहज मावते. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. तो लांबीच्या मध्यावर आडवा कापला की २१० × १४८.५ मिलिमीटरचे दोन तुकडे मिळतात आणि प्रत्येक तुकडा १०५ मिलिमीटरवर दुमडला की कार्ड तयार होते. उरलेला अर्धा मिलिमीटर छाटून टाकावा.

फुले, मणी किंवा फोमचे दोन थर लावायचे असतील, तर लिफाफा एक माप मोठा घ्यावा. कार्ड जाड झाले की लिफाफ्याची रुंदी त्या जाडीत खर्ची पडते आणि सपाट अवस्थेत सैल वाटणारा लिफाफा ऐन वेळी तोंडाशी अडतो.

## २. कागदाच्या तंतूंची दिशा पाहून कापणी

यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात. त्या दिशेला समांतर घातलेली घडी स्वच्छ बसते. आडवी घडी घातली तर जाड कागद घडीवर फाटल्यासारखा दिसतो आणि रंगीत कागदाच्या आतला पांढरा गाभा रेघभर उघडा पडतो. दिशा ओळखण्यासाठी कागद न दुमडता आधी लांबीच्या आणि मग रुंदीच्या बाजूने हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने वाकवताना तो कमी विरोध करतो, तेव्हा पडणाऱ्या बाकाच्या रेषेला समांतर तंतू असतात.

तंतू ए-४ कागदाच्या लांब बाजूला समांतर असतील, तर वर सांगितलेल्या पद्धतीने कापलेल्या कार्डाची घडी आपोआप तंतूंना समांतर येते. पण तोच कागद उभा चिरून १०५ × २९७ मिलिमीटरच्या पट्ट्या केल्या आणि त्या मध्यावर दुमडल्या, तर कार्डाचे माप तेच येते आणि घडी मात्र तंतूंना आडवी जाते. एकाच गठ्ठ्यातील काही कार्डे सुबक आणि काही घडीवर भेगाळलेली निघतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

कापताना स्टीलची पट्टी नेहमी हव्या असलेल्या भागावर ठेवावी, म्हणजे पाते घसरले तरी ते टाकाऊ बाजूला जाते. एकाच दाबात कागद आरपार कापण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन हलके हात फिरवले की कड सरळ येते. कडेला बारीक तंतू दिसू लागले की पाते बदलायची वेळ झाली असे समजावे.

नक्षीचा तुकडा मूळ कार्डापेक्षा चारही बाजूंनी सारख्या अंतराने लहान ठेवावा. तीन मिलिमीटरची किनार ठेवायची असेल, तर १०५ × १४८ मिलिमीटरच्या कार्डासाठी तुकडा ९९ × १४२ मिलिमीटरचा होतो. वजाबाकी दोन्ही बाजूंची करायची असते, हे घाईत विसरले जाते. मोठ्या ठिपक्यांची किंवा चौकड्यांची नक्षी असेल, तर किनार जराशी जरी तिरकी गेली तरी ती लगेच डोळ्यांत भरते. नवख्या हातांनी आधी बारीक, दिशाहीन नक्षी घ्यावी, असे माझे मत आहे.

सावधान : फुलांचे देठ, पक्षी, अक्षरे असलेल्या नक्षीला वर आणि खाली अशा बाजू असतात. मापे आखण्यापूर्वी कार्ड उभे आहे की आडवे, हे ठरलेले असले पाहिजे.

तपासणी : कापलेल्या प्रत्येक तुकड्याचे चारही कोपरे गुण्याला लावून पाहावेत. एका मिलिमीटरची तिरकस कापणी पुढच्या कोणत्याही थराने झाकली जात नाही; उलट जास्तच उठून दिसते.

## ३. घडी

जाड कागद हाताने थेट दुमडू नये. मधोमध पट्टी ठेवून बोथट टोकाने एक खोलगट रेघ पाडावी आणि मगच घडी घालावी. आता कोणत्या बाजूला दुमडायचे, येथे बहुतेक जण चुकतात. रेघ पाडली की कागदाच्या एका बाजूला खाच पडते आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. उंचवटा घडीच्या आत आणि खाच बाहेर राहिली पाहिजे. याचा अर्थ रेघ कार्डाच्या बाहेरच्या अंगाने पाडायची आणि कागद खाचेपासून दूर, मागच्या दिशेने दुमडायचा. पुस्तकासारखे खाचेकडे मिटणे मनाला सोपे वाटते, पण तसे केल्याने बाहेरच्या पृष्ठभागावर नको तितका ताण येतो.

घडी घातल्यावर ती बोन फोल्डरच्या सपाट बाजूने दाबून घ्यावी. गडद कागदावर घासल्याची चमक राहू नये म्हणून मध्ये साधा पातळ कागद ठेवावा.

## ४. कोरडी मांडणी

गोंदाला हात न लावता सर्व तुकडे कार्डावर ठेवून पाहावेत. मजकुराची पट्टी कोठे येईल, फुलामागे किती भाग झाकला जाईल, दोरा किंवा रिबन कोठून जाईल, हे याच वेळी ठरते. मजकुराचा शिक्का अजून उमटवलेला नसतो, म्हणून त्याच्या मापाचा कोरा कपटा जागेवर ठेवावा. मांडणी मनासारखी झाली की मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावे आणि तुकड्यांच्या मागे पेन्सिलीने वरच्या बाजूची खूण करावी. पाच मिनिटांनी सगळे तुकडे हलवल्यावर मांडणी आठवेल, असा भरवसा कोणी धरू नये.

एकाच प्रकारची अनेक कार्डे करायची असली, तरी आधी एक कार्ड शेवटपर्यंत पूर्ण करावे आणि मग बाकीच्यांची एकेक पायरी एकत्र घ्यावी. शिक्का उमटवायच्या पट्ट्या गरजेपेक्षा दोन जास्त कापून ठेवाव्यात.

## ५. शिक्के उमटवणे

हा टप्पा सर्वांत नाजूक आहे, आणि म्हणूनच तो चिकटवण्याच्या आधी येतो. रबरी शिक्के आणि पारदर्शक शिक्के यांची वागणूक वेगवेगळी असते.

नवा पारदर्शक शिक्का थेट वापरल्यास शाई त्यावर थेंबाथेंबांनी गोळा होते आणि ठसा ठिपकेदार येतो. घडणीच्या वेळी राहिलेला एक गुळगुळीत थर याला कारण असतो. साध्या पांढऱ्या खोडरबराने शिक्क्याचा पृष्ठभाग अगदी हलक्या हाताने घासावा आणि टाकाऊ कागदावर दोन-तीन ठसे घ्यावेत, म्हणजे शाई सारखी पसरू लागते.

पारदर्शक शिक्का ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरतात. जागा अचूक साधण्यासाठी शिक्का आधी कोरडाच, छापाची बाजू खाली करून, कागदावर हव्या त्या ठिकाणी ठेवावा, पट्टीने सरळ करावा आणि वरून ठोकळा दाबून उचलावा. शिक्का त्याच स्थितीत ठोकळ्याला चिकटून येतो. ठोकळ्यावरील चौकटीच्या रेषा कागदाच्या कडेशी जुळवल्या की ओळ तिरकी जात नाही.

शाई लावताना शिक्का पॅडवर दाबू नये. शिक्का वर तोंड करून धरावा आणि पॅड त्याच्यावर हलके थोपटत फिरवावे, म्हणजे शाई कोठे लागली आणि कोठे राहिली हे दिसते. पॅडवर दाबलेल्या शिक्क्याच्या खोलगट भागांत आणि ठोकळ्याच्या कडांवर शाई भरते, आणि मग अक्षरांभोवती नको असलेली चौकोनी कड उमटते. ठोकळ्याच्या कडेला लागलेली शाई कागदावर जाण्यापूर्वी कापडाच्या टोकाने पुसून घ्यावी.

पारदर्शक शिक्क्याखाली कागदाला थोडे मऊ अंथरूण लागते. पातळ फोमची चटई किंवा आठ-दहा कागदांची थप्पी पुरेशी असते. फोमचा थर पाठीला असलेल्या रबरी शिक्क्याला मात्र टणक टेबलच चांगले. दोन्ही बाबतींत शिक्का सरळ खाली आणावा, बोटांनी सर्व भागांवर सारखा दाब द्यावा, क्षणभर थांबावे आणि सरळ वर उचलावा. शिक्का पुढे-मागे डोलवण्याची सवय कार्यालयीन शिक्क्यांमुळे लागते. येथे तिने ठशाला दुहेरी कडा येतात.

एखादे अक्षर फिके आले, तर त्यावर अंदाजाने दुसरा ठसा देऊ नये. शिक्का बिजागरीच्या झाकणाला धरून ठेवणारे स्टॅम्प प्लॅटफॉर्म जवळ असेल, तर कागद न हलवता दुसऱ्यांदा छापता येते. ते नसेल, तर त्याच रंगाच्या बारीक पेनने तुटलेला भाग भरावा किंवा जादा कापलेली पट्टी घ्यावी.

मजकूर शक्यतो नक्षीच्या कागदावर छापू नये, कारण नक्षी अक्षरे गिळून टाकते. साध्या पट्टीवर छापून ती नक्षीवर बसवावी. छापताना पट्टी जरा मोठी असू द्यावी आणि ठसा मध्यावर धरून नंतर छाटावी. आधी कापलेल्या पट्टीच्या बरोबर मध्यावर शिक्का बसवण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

आतल्या बाजूचा शिक्का याच टप्प्यात उमटवावा. कार्डाच्या पुढच्या बाजूला फोम आणि फुले लागल्यावर कार्ड सपाट बसत नाही आणि आतील ठसा उंचसखल जागेवर निम्मा उमटतो. मूळ कार्ड गडद रंगाचे असेल, तर आत लावण्यासाठी एक फिका कागद कार्डापेक्षा सर्व बाजूंनी तीन-चार मिलिमीटर लहान कापावा आणि शिक्का त्यावर छापावा.

सावधान : आतील शिक्का उमटवण्यापूर्वी कार्ड मिटून, हातात धरून, वाचणारा ते जसे उघडेल तसे उघडून पाहावे. उलटा छापलेला मजकूर हा आडव्या कार्डांवर हमखास होणारा घोटाळा आहे.

शिक्के लगेच धुवावेत. एकाच शिक्क्यावर अनेक रंग वापरायचे असतील, तर फिक्याकडून गडदाकडे जावे. पारदर्शक शिक्क्यांना कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. सॉल्व्हंट शाईचा तीव्र क्लीनर त्यांना लावू नये. लाल किंवा काळ्या शाईचा डाग शिक्क्यावर राहिला, तरी पुढचा ठसा बिघडत नाही. धुऊन वाळलेले शिक्के त्यांच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर परत लावून उन्हापासून दूर ठेवावेत.

## ६. रंग आणि उठावाची पावडर

रंग भरायचे असतील तर ठसा पूर्ण वाळू द्यावा. अल्कोहोल मार्करची शाई कागदाच्या पाठीमागे उतरते, त्यामुळे मूळ कार्डावर थेट रंगवू नये. सुट्या कागदावर रंगवून चित्र कापून लावावे. कात्रीने नक्षीदार कड कापताना कात्री स्थिर धरून कागद फिरवावा.

एम्बॉसिंग पावडर वापरायची असेल, तर क्रम असा ठेवावा. टाल्कम पावडरची चिमूट बांधलेली कापडी पुरचुंडी कागदावरून फिरवावी, म्हणजे पावडरचे कण नको तेथे चिकटत नाहीत. नंतर पिगमेंट किंवा एम्बॉसिंगच्या शाईने ठसा घ्यावा, लगेच त्यावर पावडर ओतावी, कागदाला पाठीमागून टिचकी मारून जास्तीची पावडर डबीत परत घ्यावी आणि चुकार कण कोरड्या बारीक ब्रशने झाडावेत. मगच हीट गन, म्हणजे कडक गरम हवा सोडणारे हातात धरायचे यंत्र, लावावी. पावडर आधी जागच्या जागी दाणेदार दिसते, मग एका टोकापासून अचानक चमकू लागते. चमक पुढे सरकेल तशी हीट गन पुढे न्यावी. एकाच जागी ती धरून ठेवली, तर वितळलेली पावडर कागदात मुरते, उठाव बसतो आणि तेलकट डागासारखी कड राहते.

केस वाळवण्याच्या ड्रायरने हे काम होत नाही. त्याची उष्णता कमी पडते आणि वाऱ्याचा झोत पावडर उडवून लावतो.

सावधान : हीट गनचे टोक आणि नुकताच तापवलेला कागद दोन्ही भाजतात. कागद चिमट्याने धरावा. फोम टेप लावलेल्या भागावर उष्णता देऊ नये. पावडरचे काम चिकटवण्याच्या आधी ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

## ७. चिकटवणे

आता गोंदाची पाळी. येथेही वरून खाली असा क्रम ठेवावा : मजकुराची पट्टी, फुले, दोरा हे सर्व आधी नक्षीच्या तुकड्यावर बसवावे आणि तयार तुकडा अगदी शेवटी मूळ कार्डावर लावावा. मध्येच काही बिघडले, तर फक्त तुकडा बदलावा लागतो, कार्ड वाचते. शिवाय दोरा किंवा रिबन तुकड्याभोवती गुंडाळून टोके मागे लपवता येतात, जे कार्डावर चिकटवल्यानंतर शक्य नसते. फोमवर उभी राहणारी मोठी फुले मात्र पुढच्या टप्प्यात कार्ड दाबून झाल्यावर लावावीत.

पातळ कागदाला पाणीदार गोंद लावला की तो एका बाजूने ओला होऊन फुगतो आणि वाळताना सुरकुततो. अशा कागदासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. टेप कडेपासून दोन मिलिमीटर आत लावावी. तिचे संरक्षक कागद पूर्ण सोलून तुकडा एकदम टेकवला, तर तो सरकवता येत नाही. म्हणून प्रत्येक पट्टीचे एक टोक थोडेसे सोलून बाहेरच्या बाजूला दुमडून ठेवावे, तुकडा जागेवर ठेवून चारही किनारी समान आहेत की नाही ते पाहावे आणि मग ती टोके ओढून काढावीत.

जाड तुकड्यांसाठी द्रव गोंद सोयीचा आहे, कारण तो काही क्षण सरकवण्याची मुभा देतो. तो बारीक रेषेत लावावा. कडेतून बाहेर आलेला गोंद पुसण्याच्या प्रयत्नात जास्तच पसरतो. कमी लावणे हाच त्यावर उपाय. ट्रेसिंगसारख्या अर्धपारदर्शक कागदामागे कोणताही गोंद दिसतो, म्हणून त्याचे ठिपके फूल किंवा पट्टीच्या मागे येतील अशाच जागी द्यावेत.

फोम टेप लावताना फक्त चार कोपऱ्यांवर तुकडे देऊन थांबू नये. मध्यभागी आधार नसेल, तर लिफाफ्यात दाब पडताच मजकुराची पट्टी मध्येच खचते.

तपासणी : तयार तुकडा मूळ कार्डावर लावण्यापूर्वी कार्डाची घडी कोणत्या बाजूला आहे हे एकदा पाहावे. उभ्या कार्डात ती डावीकडे, आडव्या कार्डात बहुधा वर असते. सुंदर तुकडा उलट्या कार्डावर बसला, तर तो सोडवताना दोन्ही फाटतात.

## ८. दाबणे आणि लिफाफा

आतला फिका कागद लावायचा असल्यास तो आता लावावा. गोंद किंवा टेप फक्त घडीलगतच्या कडेला द्यावी, म्हणजे कार्ड उघडताना कागद ताणला जात नाही. सपाट कार्डे स्वच्छ कागदात ठेवून जड पुस्तकांखाली गोंद वाळेपर्यंत दाबावीत. एम्बॉसिंगमुळे तुकडा बाकला असेल, तर तो थंड झाल्यावर आणि चिकटवण्यापूर्वी वेगळा दाबून घ्यावा. फोम लावलेले भाग कधीही वजनाखाली ठेवू नयेत.

कार्ड दाबून निघाल्यावर उरलेली फुले फोमवर बसवावीत आणि आतला हस्तलिखित मजकूर लिहावा. जेल पेनची शाई वाळायला वेळ घेते, तेव्हा कार्ड अर्धवट उघडे ठेवावे. पिगमेंट शाई वापरली असेल, तर लिफाफ्यात घालण्यापूर्वी त्याच वेळी छापलेल्या कपट्यावर बोट घासून पाहावे. बोटाला रंग लागला तर कार्ड रात्रभर उघडे राहू द्यावे.

लिफाफ्यात घालताना घडीची बाजू आधी आत जाऊ द्यावी, म्हणजे उघडी कड आत अडकून दुमडत नाही. उठावदार फुले असल्यास त्यांच्यावर कार्डाच्या मापाचा एक पातळ, मऊ कागद ठेवावा. झाकण चिकटवण्यापूर्वी लिफाफा टेबलावर ठेवून तळहात एकदा त्यावरून फिरवावा. जेथे तो टचकन उंच लागतो, तेथे पोस्टातील हाताळणीत कागद फाटण्याचा संभव असतो, आणि असे कार्ड जाड पुठ्ठ्याच्या आधाराने मोठ्या लिफाफ्यातून पाठवावे.